मारुतीच्या जाळीवरचे झुबे

रविवारी सकाळी मंजुश्रीच्या स्वयंपाकघरात धपाट्यांचा खमंग वास सुटला होता आणि मोरीत चंद्रप्पाचा शनिवारचा शर्ट लिंबू-सोडा चोळून भिजत पडला होता. दर शनिवारी या माणसाच्या बाह्यांवर तपकिरी डाग पडायचे आणि ते काही केल्या निघायचे नाहीत. चंद्रप्पाचं उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान. शनिवारी माल येतो म्हणून तो उजाडायच्या आत घर सोडतो. पितळेच्या पॉलिशचे डाग असणार, असं धरून मंजुश्री घासत राहायची.

चंद्रप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून बाहेर आला आणि खुंटीकडे बघून थबकला. खुंटीवर मंजुश्रीची कापडी टोपी तशीच लटकत होती.

"आज जायचं नाही का वाटेवर?"

"नाही."

"बरं वाटत नाही?"

"मला काय धाड भरलीय. जायचं नाही, एवढंच."

चंद्रप्पानं ताट पुढं ओढलं. बायकोचा आवाज असा सपाट झाला की धपाट्याला आणखी थोडं तूप मागू नये, हे पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं.

ही वाट म्हणजे तळ्याच्या बांधावरची पायवाट. नांदेडच्या कॉलेजात शिकवणारी ऋतुजा काही वर्षांपूर्वी उदगीरच्या महिला मंडळात आली होती. मराठवाड्यातली फुलपाखरं वर्षागणिक वाढतात की घटतात हे बघायचं, तर प्रत्येक गावात कुणीतरी एक वाट ठरवून दर आठवड्याला चालायला हवी, असं तिनं सांगितलं. कोण चालेल, असं विचारल्यावर सगळ्या बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघायला लागल्या. हात वर केला तो एकट्या मंजुश्रीनं. लातूरला बी.एस्सी. करताना तिचा वनस्पतिशास्त्र हा जीव की प्राण विषय होता आणि लग्नानंतर त्याचा उपयोग मेथी निवडण्यापलीकडं झाला नव्हता.

चंद्रप्पा तेव्हा पोट धरून हसला होता. "फुलपाखरं मोजतीस? त्यापेक्षा दुकानातल्या वाट्या मोज की. त्या उडत तरी नाहीत."

नियम साधे होते. वाट तीच, चाल तीच, ऊन चढायची वेळ तीच. समोर आणि दोन्ही हातांच्या अंतरात जे दिसेल तेवढंच मोजणीत धरायचं. मागं वळायचं नाही, जे मागं गेलं ते गेलं. मंजुश्रीला हा शेवटचा नियम फार आवडला. घरात बाईमाणसाचा निम्मा जन्म मागं वळून बघण्यात जातो, गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, दुधावर झाकण ठेवलं का. आठवड्यातून एकदा तरी मागं न बघता चालायचं, हे सुखच होतं.

वाटेनं तिला वर्षाचा चेहरा दाखवला. चैत्र-वैशाखात बांध ओस. पाऊस मुरला, तरोट्याचं तण गुडघ्याला लागलं की पिवळी फुलपाखरं अशी उठायची की कुणी हळदीचा डबा उपडा केला असावा. पोळ्याच्या सुमारास सगळ्यांची गर्दी आणि दिवाळी सरली की हळूहळू सामसूम. पण तिचा जीव होता बिबळ्या या फुलपाखरावर. केशरी अंगाचा, काळ्या काठाचा, काठात पांढरे ठिपके. हा बिबळ्या रुईच्या झाडावर अंडी घालतो, त्याची अळी रुईचीच पानं खाते. बांधावर रुई दाट होती, म्हणून बिबळेही दाट होते. घाई नाही, गडबड नाही, लग्नातल्या मानाच्या पाहुण्यासारखे सावकाश उडायचे.

मग एक वर्ष पावसानं पाठ फिरवली आणि बांधावरची फुलपाखरं एकदम ओसरली. मंजुश्री घाबरली, तेव्हा ऋतुजानं फोनवर समजावलं होतं, "काकू, एका वर्षाचं मनाला लावून घ्यायचं नाही. ती खाली जातात, वर येतात. म्हणून तर आपण वर्षानुवर्षं चालतो. एक वर्ष बघून काहीच कळत नाही."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. अर्धापूरची, बिलोलीची, रेणापूरची, सगळ्यांच्या वाटांवरची फुलपाखरं पुन्हा वर आली. मंजुश्रीच्या वाटेवर पिवळी आली, निळी आली, बिबळ्या मात्र नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. आणि यंदा, पाऊस चांगला, रुई हिरवीगार, तरी आठवड्याला एखादाच बिबळ्या दिसायचा, तोही लांबून.

शुक्रवारी ऋतुजाचा फोन आला होता. पोरगी बोलायला मऊ, त्यामुळं जास्तच लागलं. "काकू, रागावू नका. बाकी सगळीकडं बिबळ्या चढलाय, फक्त तुमच्याकडंच उतरतोय. कारण कळलं असतं तर प्रश्न नव्हता. श्रावण संपेपर्यंत बघू, नाहीतर ही वाट थांबवू. तुम्हालाही उन्हाचा त्रास होत असेल."

उन्हाचा त्रास. म्हणजे डोळ्यांचा, असंच मंजुश्रीनं ऐकलं. त्या कोरड्या वर्षाच्या शेवटी ती लातूरला डोळे दाखवून आली होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती चाहूल आहे, आताच काही करायला नको. पण तेव्हापासून तिच्या मनात एक किडा शिरला होता. फुलपाखरं आहेतच, दिसत नाहीत ती आपल्याला. आपण चुकीचे आकडे देत बसलो आणि त्यावर सगळ्या मराठवाड्याचा हिशेब बिघडला तर? त्यापेक्षा आपणच टोपी खुंटीला टांगलेली बरी.

तिनं तव्यावर शेवटचं धपाटं टाकलं आणि दाराची कडी वाजली. नुसती वाजली नाही, खडखडली.

दारात मलप्पा उभा होता. गल्लीच्या टोकाच्या मारुतीची पूजाअर्चा तो करायचा. धोतराला ओल्या पाचोळ्याचे डाग, श्वास चढलेला.

"अक्का, चला जरा. मारुतीच्या जाळीला कुणीतरी झुबे टांगून गेलंय."

"झुबे?"

"हिरवे हायत. वर सोन्याची टिकली. एक न्हाई, लई हायत. मागच्या जाळीला रांगच लागलीय. बायका म्हणून राहिल्या की कुणाचातरी नवस हाय. तुमच्या शेजारची ती राजकन्या तर हळदीकुंकूच वाहायला बसली. अन् एक म्हातारी म्हणती, करणी हाय. मी म्हणलं, हात लावू नका, अक्काला बोलावतो. तुम्ही बारकं बघताव."

"माझे डोळे कुठं राहिलेत बारकं बघायला," मंजुश्री म्हणाली. पण तोवर तिनं गॅस बंद केला होता. हिरवे, वर सोन्याची टिकली. छातीत काहीतरी लकाकून गेलं.

"अहो, चला."

चंद्रप्पा ताटावरून उठला नव्हता. "मी कशाला? आपण महादेवाची माणसं. मारुतीच्या देवळात आपलं काय काम?"

"कधीपासून देवांत वाटण्या झाल्या? चला म्हणते ना."

"दुकान..."

"रविवारी?"

चंद्रप्पानं पायांत चपला सरकवल्या. फाशीला निघाल्यासारखा चेहरा करून तो दोघांच्या मागून चालू लागला.

देवळाच्या मागं दहा-बारा माणसं जमली होती. गल्ली पाइपासाठी खणून ठेवल्यामुळं श्रावण लागल्यापासून घंटागाडी आत येत नव्हती. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांच्या माळा पडतात, श्रावणात तर देव दिसत नाही इतक्या. उतरवलेल्या माळांचा ढीग मलप्पानं मागच्या जाळीला लावून ठेवला होता आणि वरून पावसाची झड त्याला ओला ठेवत होती. आज हातगाडी मिळाली म्हणून त्यानं ढीग हलवला, तर मागून हे निघालं.

लोखंडी जाळीच्या पट्ट्यांना खाली डोकं करून कोष लटकत होते. पोपटी, गुळगुळीत, मोगऱ्याच्या कळीएवढे, वरच्या अंगाला सोनेरी ठिपक्यांची ओळ. एकदोघांना राजकन्येनं कुंकवाची बोटंही लावली होती. राजकन्या मंजुश्रीची शेजारीण, नवसाला पावलेल्या प्रत्येक गोष्टीची तिला साऱ्या गल्लीच्या आधी बातमी असायची.

"बघा वहिनी," ती हळूच म्हणाली, "सोनं खरंच वाटतंय. कुणी मोठ्या घरचा नवस आहे."

मंजुश्री गुडघ्यावर बसली. चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती, तिला लांबूनच दिसलं होतं. तरी तिनं एकेक कोष डोळ्यांनी चाचपला, जसं लेकीच्या लग्नात दागिने डब्यात भरताना बघतात.

"राजकन्या," ती म्हणाली, "हे झुबे नाहीत गं. ही बाळंतिणीची खोली आहे. कुंकू लावू नको, त्यांना श्वास घेऊ दे."

"म्हणजे किडे?" करणीवाली म्हातारी मागं सरली.

"फुलपाखरं. बिबळ्या."

"देवळात?" मलप्पा म्हणाला. "देवळात कुठनं येतील? मी रोज झाडतो."

"माळांतून आली. रुईच्या पानामागं अंडं असतं, कधी अळी असते. पानं तोडून माळ ओवली की तीही देवाच्या गळ्यात. एरवी ढीग घंटागाडीत जातो, सोबत तीही जातात. यंदा ढीग इथंच राहिला, पानं ओली राहिली, त्यांनी पोटभर खाल्लं आणि जाळीवर चढून बसली." ती थांबली. सांगता सांगता तिच्याच कानाला काहीतरी लागलं होतं. "मलप्पा, लोक रुई आणतात कुठून?"

"पहिल्यानं हितंच होती की, देवळापुढं. फरशी बसवली तवा काढली. दोन-तीन वर्षं झाली. आता समदे तळ्याच्या बांधावरनं आणतेत. तिथली पानं लई झकास, कोवळी, धूळ न्हाई काय न्हाई." मलप्पानं कौतुकानं चंद्रप्पाकडं हात केला. "अण्णांना विचारा की. दर शनिवारची पहिली माळ त्यांचीच. उजाडायच्या आत हजर. अन् आणतेत कशी, पान न् पान निवडून, एकशे आठ पानांची. अशी माळ गावात कुणाची न्हाई."

सगळ्यांनी चंद्रप्पाकडं बघितलं. चंद्रप्पा जाळीकडं बघत होता.

मंजुश्री हळूहळू उठली. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग बाहीकडं. हा दुसरा शर्ट, तरी त्यावरही तेच न निघालेले तपकिरी डाग. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक गळतो, वाळला की असाच तपकिरी पडतो. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि डाग घालवायला लिंबू-सोडा.

"शनिवारी माल येतो म्हणायचा तुमचा," ती म्हणाली.

"येतो की. नंतर येतो."

"आणि महादेवाची माणसं आपण."

राजकन्येनं पदर तोंडाला लावला. चंद्रप्पानं घसा साफ केला, आजूबाजूला बघितलं आणि सुटका नाही हे पाहून अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "नवस सांगायचा नसतो. सांगितला की फळत नाही."

"कसला नवस?"

"तुझ्या डोळ्यांचा."

मंजुश्रीला आधी कळलंच नाही.

"लातूरहून आलीस तेव्हा रात्री उठून बसायचीस," तो म्हणाला. "बिबळ्या दिसत नाही, बिबळ्या दिसत नाही, हाच धोशा. मी म्हटलं, आपल्या घरचा देव आहेच, पण ह्याला ताकद जास्त. म्हटलं, बाबा, हिला तिचं फुलपाखरू दिसू दे, दर शनिवारी माळ घालीन. ते काही दिसेना. मग मी पानं वाढवली. आधी एकवीस घालायचो."

मग करणीवाली म्हातारीच आधी हसली, बोळक्या तोंडानं, आणि तिचं हसू सगळीकडं पसरलं. मलप्पा जाळीला टेकून हसला. मंजुश्रीनं चेहरा कडक ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण तिला एकदम डोळ्यांसमोर दिसलं. कंदिलासारखा मोबाइल धरून हा जाडजूड माणूस शनिवारी पहाटे बांधावर वाकून पान न् पान निवडतोय, सगळ्यात चांगलं, सगळ्यात कोवळं, जिथं बिबळ्याची मादी नेमकं अंडं ठेवते तेच. आणि रविवारी ती त्याच झाडाशी उभी राहून चष्मा पुसतेय. जेवढी फुलपाखरं कमी, तेवढी माळ मोठी. जेवढी माळ मोठी, तेवढी फुलपाखरं कमी.

"तो चीक डोळ्यांत गेला असता तर?" ती म्हणाली. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरले होते. "माझ्या डोळ्यांपायी स्वतःचे घालवले असते. चष्मा तरी लावत होतात का?"

"तुझा जुना लावायचो."

तेवढ्यात राजकन्येनं तिचा दंड धरला. "वहिनी, हे काळं पडलं बघा. मेलं वाटतं."

कडेचा एक कोष पोपटी राहिला नव्हता. त्याची साल काचेसारखी झाली होती आणि आतून केशरी, काळं, ठिपक्या-ठिपक्यांचं काहीतरी दिसत होतं. मंजुश्रीनं सगळ्यांना हातानंच गप्प केलं. साल तळाशी फाटली. आधी पाय आले, चाचपडत, मग ओलं, चुरगळलेलं अंग, घडी घालून विसरलेल्या रुमालासारखे पंख. म्हातारी "अगं बाई" म्हणाली आणि खाली बसली. ते तिथंच लटकून राहिलं आणि पंख हळूहळू उलगडत गेले, जसं कुणी आतून हवा भरत असावं. गल्लीतली माणसं, एरवी नळाला पाणी आलं तरी भांडणारी, एका फुलपाखराचे पंख वाळायची वाट बघत उभी राहिली. चंद्रप्पानं तर मागून येणाऱ्याला डोळे वटारून हळू चालायला लावलं.

ऊन जाळीवर आलं तसं ते एकदा थरथरलं आणि उडालं. देवळाच्या कळसाला वळसा घालून, सावकाश, मानाच्या पाहुण्यासारखं, तळ्याच्या दिशेनं गेलं.

"दिसलं का?" चंद्रप्पानं विचारलं.

"दिसलं," मंजुश्री म्हणाली. "कळसाच्या वर होतं तरी दिसलं. काठातले ठिपकेसुद्धा."

"मग नवस फळला म्हणायचा."

घरी न जाता तिनं देवळाच्या पायरीवरूनच ऋतुजाला फोन लावला. सगळं सांगितलं, फक्त नवस कुणाचा ते गाळलं. नांदेडमध्ये ऋतुजाच्या हसण्याचा आवाज एवढा मोठा झाला की मलप्पालाही ऐकू गेला.

"काकू, जाळीवरची आपल्याला मोजणीत धरता येणार नाहीत, ती वाटेवर नाहीत. पण कारण सापडलं की. तुमचे आकडे बरोबर होते. त्या कोरड्या वर्षी पावसानं खाली नेलं आणि नंतर माळांनी वर येऊ दिलं नाही. आता वाट थांबवायची कशाला? उलट ही सुरूच राहिली पाहिजे. पानं तोडणं कमी झालं तर बिबळ्या चढतो का, हे मराठवाड्यात फक्त तुमच्या वाटेवर कळेल." मग तिचा आवाज जरा सावध झाला. "पण लोक ऐकतील का? देवाचं काम आहे. माळा बंद करा म्हणून कसं सांगणार?"

"बंद कशाला करायच्या," मंजुश्री म्हणाली. "बघते मी."

घरी जाऊन तिनं खुंटीवरची टोपी घेतली आणि उशीर झाला होता तरी बांधावर गेली. वेळ टळल्यामुळं त्या दिवशीचं काही मोजणीत धरायचं नव्हतं. ती फक्त रुईजवळ बसली आणि पानं उलटून बघत राहिली. अंडी शेंड्याकडच्या कोवळ्या पानांमागं जास्त होती. खालची जून, रुंद पानं बहुतेक मोकळी. माळेला खरं तर तीच चांगली, दोऱ्यात फाटत नाहीत. चंद्रप्पा शेजारी उभा होता. त्यानंही एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसऱ्यापाशी थांबला.

"हे काय, पांढरं?"

"तेच."

"एवढंसं?" तो कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. "मंजू, मी असली किती..."

"नवसाचा हिशेब देव ठेवतो," ती म्हणाली. "चला, ऊन लागतंय तुम्हाला."

श्रावणातला शेवटचा शनिवार आला. देवळापुढं रांग, प्रत्येकाच्या हातात पानं, दोरे, नारळ. झुब्यांची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, तेव्हा निम्मे लोक मारुतीला आणि निम्मे मागच्या जाळीला बघायला आले होते. जाळीवर आता रिकामी कवचंच होती, तरी राजकन्या आलेल्या प्रत्येकाला कुठला कोष कधी फुटला ते जातीनं सांगत होती. रांगेत पहिला चंद्रप्पा होता, हातात एकशे आठ पानांची माळ, जून पानांची. नवस फळल्यावर माळ सोडायची नसते, असं त्याचं म्हणणं. शर्ट मात्र जुना घातला होता.

मलप्पानं आरती संपवली आणि घंटेला हात लावून लोकांना थांबवलं. "जाऊ नका. अक्का काय ते सांगणार हायत."

मंजुश्रीनं रात्री बरंच ठरवून ठेवलं होतं. अंडं, अळी, कोष, पाऊस, वर्षं, नांदेड, सगळं. पण पायरीवर उभं राहून समोरच्या चेहऱ्यांकडं बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की यांना आणि तिला एकच हवंय. सगळ्यांना काहीतरी फळायला हवंय.

कुणीतरी मागून ओरडलं, "माळा घालू नका म्हणताव का अक्का?"

"नाही," ती म्हणाली. "माळा घाला. माझं एकच मागणं आहे. पान तोडायच्या आधी ते उलटून बघा, आणि मागं खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसला, तर तेवढं पान झाडावर राहू द्या."